खंडेनवमीला वाचायची कविता

झेंडूचा वास आला की मला अजून मळमळतं. दसऱ्याच्या आधी सांगवीच्या बाजारात टोपल्या भरभरून झेंडू येतो, आमच्या सोसायटीतल्या बायका पिशव्या गच्च भरून नेतात, आणि मी नाकाला पदर लावून पलीकडच्या बाजूनं निघून जाते. लोकांना वाटतं मला ॲलर्जी आहे. मीही तसंच सांगते, कारण खरं कारण रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. झेंडू आणि मशीनचं तेल हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांत असे मिसळलेत की एक आला की दुसरा येतोच, आणि त्यांच्या मागोमाग तिसरा एक येतो, त्याला नाव नाही.

आम्ही चिंचवडच्या कारखान्यांच्या मागे एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा लातूरकडचं गाव सोडून आले होते आणि एका प्रेस शॉपमध्ये फिटर होते. लोखंडाचा पत्रा प्रेसखाली ठेवायचा, वरून अवजड साचा आदळतो आणि पत्र्यातून गाडीचा भाग कापून निघतो, असं तिथलं काम. ते आदळणं आमच्या खोलीत दिवसभर ऐकू यायचं. धप्प. मग थोडी उसंत. पुन्हा धप्प. फडताळातल्या कपबशा त्या आवाजाला किणकिणायच्या आणि आई त्या तालात भाकऱ्या थापते असं मला लहानपणी वाटायचं. घरात येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि कधी धपाटी. अण्णांचे कपडे वेगळ्या बादलीत, सोडा घातलेल्या कढत पाण्यात. कितीही धुतले तरी ते तेलकटच राहायचे, आणि अण्णा शेजारी जेवायला बसले की आमटीवर तेलाचा वास तरंगतोय असं वाटून मला शिसारी यायची. आई म्हणायची, "त्याच वासावर शिकायलीस तू. नाक मुरडू नकोस." खरंच होतं ते. कामगारांच्या मुलांना कंपनी शिक्षणासाठी मदत द्यायची, आणि त्या मदतीवरच मी आकुर्डीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते.

आमच्यात आणखी एक माणूस राहायचा, बाळूदादा. माझ्या आत्याचा मुलगा. अण्णांनीच त्याला गावाकडून आणून त्याच प्रेस शॉपमध्ये चिकटवला होता. अंगानं किडकिडीत, बोलायला मोकळा. शिफ्टवरून आला की दारातूनच ओरडायचा, "मामी, काय केलालीस?" आणि आईनं काहीही सांगितलं तरी "वा!" म्हणायचा. मी पुस्तक घेऊन बसले की शेजारी पालथा पडून म्हणायचा, "वाच की मोठ्यानं. कळणार न्हाई, पण आवाज बरा वाटतो." चाळीत मला शहाणी समजणारे बरेच होते. पण माझं वाचणं ऐकायला बसणारा तो एकटाच.

पुस्तकं मिळायची ती सबनीस साहेबांकडून. ते कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. भरती, रजा, तक्रारी, सगळं त्यांच्या हातात. प्राधिकरणाच्या वसाहतीत त्यांचा बंगला होता आणि समोरच्या खोलीच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या. गुणवंत मुलांच्या सत्कारात त्यांनी मला हेरलं आणि म्हणाले, "महिन्यातून एकदा घरी येत जा, वाचायला देईन." हा माणूस ढोंगी असता तर मला आज हे लिहिताना सोपं गेलं असतं. तो ढोंगी नव्हता. कविता वाचताना त्यांचा आवाज कापायचा, आणि मी चुकीचा उच्चार केला तर न हसता दुरुस्त करायचे. त्यांनीच मला तो अमेरिकन कवी दिला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, छातीपर्यंत दाढी असलेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते इतक्या ठिकाणी इतक्या लोकांनी टांगून ठेवलंय की आणखी एक खिळा मला ठोकायचा नाही.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला कवीचं चरित्र होतं, आणि कवितांच्या आधी मी त्या चरित्राच्याच प्रेमात पडले. पोरवयातच त्याची शाळा सुटली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. गाडीवान, नावाडी, मिस्त्री यांच्याबरोबर फिरायचा, त्यांच्या शेजारी बसून गप्पा हाणायचा. आपलं पहिलं पुस्तक त्यानं स्वतःच छापून घेतलं, काही खिळे स्वतःच्या हातानं जुळवले, आणि कुणी दखल घेईना तेव्हा नाव न घालता स्वतःच्याच पुस्तकाची स्तुती लिहून वर्तमानपत्रात दिली. हे मी बाळूदादाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "आपल्यातलाच हाय की!" म्हणाला. पुढे जन्मभर तो कवी तेच एक पुस्तक वाढवत राहिला, बदलत राहिला. अश्लील लिहितो म्हणून सरकारी नोकरीतून काढलं, तरी तेच लिहीत राहिला.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची आणि कामगारांच्या बायकामुलांना आत बोलावायचे. त्या वर्षी सबनीस साहेबांच्या मनात आलं की भजनाऐवजी कविता व्हावी. त्या कवीची एक कविता आहे, तिच्यात कामकरी माणसं आपापलं काम करताना गातात. ती मी मराठीत आणायची आणि मंडपात वाचायची असं ठरलं. मी हुरळून गेले. पावसाळाभर त्या ओळींवर बसले. सुतार, गवंडी, नावाडी सगळे मराठीत चपखल बसले, आणि मध्ये एक प्रेसवाला मी माझ्या पदरचा घातला. बाळूदादाला वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "तिथं गाणं म्हणलं तर ऐकू कुणाला जातंय? बाकी बेस हाय."

पूजेला थोडे दिवस राहिले असताना दुपारी प्रेसचा तो आवाज थांबला. आई भाकरी टाकत होती. तिनं तवा खाली उतरवला आणि दाराकडे बघत राहिली. मग चाळीतलं एक पोरगं पळत आलं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण अशानं माल कमी निघतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबलेलं ठेवायचे, आणि पोरं एका हातानं बटण दाबून दुसऱ्या हातानं पत्रा सरकवायची. हे सुपरवायझरला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, सगळ्या शॉपला माहीत होतं. बाळूदादाच्या उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं गेली. त्याला दवाखान्यात नेलं. साचा अडकला होता, तो उघडायला फिटर लागतो, आणि फिटर अण्णा होते. त्यांनी तो उघडला, रॉकेलनं धुतला, पुसला, आणि दुसऱ्या शिफ्टला प्रेस चालू झाली. दिवेलागण उलटल्यावर घरी येऊन ते मोरीत बसले. आई पाण्यावर पाणी तापवून देत होती आणि ते अंगावर ओतत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांची कातडी सोलवटली होती. त्या वासाला नाव नाही असं मी वर लिहिलं, तो त्या संध्याकाळी आमच्या मोरीत होता. मी बाहेर जाऊन ओकले, आणि स्वतःच्या बापाची किळस आली म्हणून पुन्हा ओकले.

दवाखान्यात मी बाळूदादाजवळ बसायची. बँडेजचा मोठा गोळा उशीवर ठेवून तो छताकडे बघत पडलेला. "वाच," म्हणायचा. माझ्याजवळ तेच पुस्तक होतं, म्हणून मी चरित्राचा पुढचा भाग मराठीत करून सांगायला लागले. त्या कवीच्या देशात यादवी युद्ध झालं. त्याचा भाऊ जखमी झाल्याची बातमी आली म्हणून हा शोधत गेला. भाऊ थोडक्यात बचावला होता. पण लष्करी इस्पितळाच्या दारात, एका झाडाखाली, कापलेल्या हातापायांचा ढीग पडलेला त्यानं पाहिला. तो घरी परतलाच नाही. पुढची काही वर्षं इस्पितळांतून फिरत राहिला, पोरांना संत्री, तंबाखू नेऊन द्यायचा, त्यांची पत्रं लिहून द्यायचा, मरेपर्यंत उशाशी बसायचा.

बाळूदादानं बँडेजचा गोळा उशीवरून छातीवर घेतला. मग म्हणाला, "हे वाच की मंडपात."

म्हणून मी प्राधिकरणात गेले. सबनीस साहेब नेहमीसारखे वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या बाईंनी माझ्यासमोर काचेच्या वाटीत फ्रूट कस्टर्ड ठेवलं.

"सर, ती कविता नको वाचायला," मी म्हटलं.

"अगं, आता तर वाचायलाच हवी. शॉपमधलं वातावरण जड झालंय. माणसांना आपल्या कामाचा अभिमान वाटला पाहिजे."

"मग त्याच कवीचं दुसरं सांगते. इस्पितळातलं. झाडाखालच्या ढिगाचं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "ते वाचलं तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. दोन दिवस जेवलो नव्हतो. पण सणाच्या दिवशी, लेकरांसमोर? प्रत्येक गोष्टीची एक जागा असते, सुमन."

"पाचर ठोकलेली तुम्हाला माहीत होती का, सर?"

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ते हळुवारपणे म्हणाले, "ते उत्पादनाचे प्रश्न आहेत, माझे नाहीत. बाळूचं मी बघतोय. मालकांच्या हस्ते त्याचा सत्कार ठेवलाय, शाल, नारळ. नंतर गेटवर बसवू त्याला, कायम नोकरी. फक्त कार्यक्रम नीट पार पडू दे. तुला वेगळं सांगायला नको." आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "खा. थंड आहे." त्या पिवळ्या, लिबलिबीत कस्टर्डमध्ये द्राक्षं अर्धी बुडालेली होती. मी वाटीला हात न लावता उठले.

घरी आईनं स्पष्ट सांगितलं, "कविता वाचायची, शाल घ्यायची, घरी यायचं. त्याची नोकरी हाय, तुझं शिक्षण हाय, ह्यांची अजून वर्षं बाकी हायत." बाळूदादाला दवाखान्यातून नुकतंच घरी सोडलं होतं. मी बाळूदादाकडे बघितलं. तो म्हणाला, "मला न्हाई बसायचं गेटावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम कोणत्या हातानं करू? तुला काय वाचायचं ते वाच."

पूजेच्या दिवशी शॉप ओळखू येत नव्हतं. जमीन धुतलेली, पताका लावलेल्या. त्याच प्रेसला नवा हिरवा रंग दिला होता, कारण ती सगळ्यांत मोठी आणि मंडपाला तोंड करून होती. तिला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूच्या जाडजूड माळा घातल्या होत्या. साच्याखाली जिथं पत्रा ठेवतात, जिथं हात गेला होता, तिथं पेढ्यांचं ताट ठेवलं होतं. पूजा झाल्यावर एक जण तिथूनच पेढे उचलून वाटत होता आणि लोक खात होते. बायका खात होत्या, लेकरं बोटं चाटत होती. अण्णांनी पेढा घेतला आणि मुठीत धरून ठेवला. तो मुठीत वितळून त्यांच्या बोटांतून बाहेर आला तरी त्यांना कळलं नाही.

सबनीस साहेबांनी कवीची ओळख फार सुंदर करून दिली. श्रमाचा गायक म्हणाले. मग मला बोलावलं. माईकसमोर मी कविता उघडली, पहिली ओळ दिसली, आणि माझ्याच शब्दांची मला इतकी घाण वाटली की मी कागद मिटला. म्हटलं, "ह्या कवीनं गाणारे कामगार पाहिले तसं आणखीही एक पाहिलं. इस्पितळाच्या दारात कापलेल्या हातापायांचा ढीग. तो बघून तो पळून गेला नाही, आणि त्या ढिगाला त्यानं हारही घातला नाही. तो आत गेला आणि ज्यांचे हात गेले होते त्यांच्याजवळ जाऊन बसला. आमच्या बाळूदादाचा हात ह्या प्रेसखाली गेला. बटणात पाचर होती. आज ती काढलीय, कारण आज पूजा आहे." बोलता बोलताच सुपरवायझरनं माईक बंद केला होता. माझा आवाज मुळात मोठा, शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. टाळी पडली नाही. कुणी घोषणा दिली नाही. एक लेकरू तेवढं रडायला लागलं.

सबनीस साहेबांनी घाईघाईनं सत्कार पुकारला. बाळूदादा उठला. आईनं सकाळी बँडेज काढून त्याच्या हाताला इस्त्रीचा रुमाल नीट गुंडाळून दिला होता. व्यासपीठावर चढता चढता त्यानं तो दातांनी सोडला आणि खिशात घातला. जखम अजून ओली होती, लालजांभळी, टाके दिसत होते. मालकांनी शाल घातली, नारळ पुढे केला. नारळ दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. बाळूदादानं दोन्ही हात पुढे केले.

मालकांनी हात मागे घेतला. नारळ खाली पडून घरंगळत पायऱ्यांशी गेला. बाळूदादाचा हात त्यांना लागलाही नव्हता, तरी त्यांनी आपली बोटं पँटला पुसली. दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं, कारण अपघातापासून तेच मी माझ्या तोंडावर घेऊन फिरत होते. फक्त मला शिसारी त्या प्रेसची, त्या पेढ्यांची यायची, आणि त्यांना आली ती बाळूदादाची. सगळ्या शॉपनं ते पुसणं पाहिलं. मागच्या रांगेतली माणसं एकेक करून उठली आणि पेढ्याचे द्रोण तिथेच खुर्चीवर ठेवून बाहेर पडली. अण्णांनी नारळ उचलला, प्रेसवर नेऊन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "चला घरी."

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा सबनीस साहेबांचे डोळे खरोखर ओले होते. "तू कवितेचा वापर केलास, सुमन," ते म्हणाले. "मी तुला कवी दिला आणि तू त्याचं पत्रक केलंस." ह्याचं उत्तर मला आज सुचतं, पण सर आता नाहीत. मी पुस्तक वेताच्या खुर्चीवर ठेवलं आणि आले. त्यांचं दुःख खरं होतं, आणि तेच मला सगळ्यांत ओंगळ वाटलं. माणसाची बोटं गेली तेव्हा ह्याचे डोळे कोरडे होते.

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीची मदत बंद झाली. अण्णांना भंगार भरायच्या कामावर टाकलं. काही आठवड्यांनी पाचर पुन्हा बसली. बाळूदादाला गेट मिळालं नाही. पिंपरीत हमीदभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते अण्णांना म्हणाले, "काउंटरला बसू द्या त्याला, माझ्याकडे विश्वासाचा माणूस नाही." तिथं तो डाव्या हातानं लिहायला शिकला आणि पुढे त्याच दुकानात भागीदार झाला. मी शिकवण्या घेऊन शिकले आणि कॉलेजात कविता शिकवून निवृत्त झाले.

मागच्या वर्षी चाकणच्या एका मोठ्या कंपनीनं मराठी भाषेच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. त्यांच्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर तो दाढीवाला दिसला, खाली स्टीलच्या अक्षरांत श्रमाच्या गाण्याची ओळ. मला घ्यायला आलेल्या मुलीला विचारलं, हे कोण? ती गोड हसून म्हणाली, "मॅम, ते इंटिरियरवाल्यांनी लावलंय." मी चहा न घेता आत गेले. परत येताना भोसरीच्या चौकात सिग्नलला एक तरुण मुलगा उभा होता, उजवा हात खिशात घालून. खिसा चपटा होता.

पण मला सांगायचंय ते बाळूदादा दुकानात लागला त्या सुमाराचं. एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. तो एकदम म्हणाला, "सुमे, त्या झाडाखालच्या ढिगाचं पुढं काय केलं त्यांनी? पुरलं का जाळलं?"

"पुस्तकात नाही दिलं."

"त्यानं लिहिलं न्हाई?"

"मी वाचलं त्यात तरी नाही."

त्यानं मान हलवली आणि डबा उघडला. मला मात्र राहवेना. घरी आले तर अण्णा दाराशी विडी ओढत बसले होते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "अण्णा, साचा तुम्ही उघडला होता. बोटं कुठं गेली?"

त्यांनी विडीची राख झटकली. मग म्हणाले, "डब्यात घालून दवाखान्यात नेलतो. जोडता येतील म्हणून. डॉक्टर म्हणले, आता न्हाई जमत. परत आणून भंगारात कशी टाकू? पवना नदीच्या काठाला गेलो, हातानं उकरलो आणि पुरलो."

विडी विझली होती, तरी त्यांनी ती ओठाला लावली.

"माती लोटताना काहीतरी म्हणावं वाटलं. पर नाव घेता येईना, सुमे. जित्या माणसाचं नाव कसं घ्यायचं?"